पांढुर्ण्याची जुनी गाडी वरुडात नावावर करायची तर

आमच्या वरुडकडं संत्र्याच्या बगीच्यात जायला गाडी लागतेच, अन् जुनी पाहायला माणूस सहज सीमेपलीकडं पांढुर्ण्याला जातो. घ्या भाऊ, पण आधी नंबर पाहा, मग किक मारा.

हँडल पूर्ण वळवलं की मानेजवळच्या पाइपावर चेसिस नंबर कोरलेला दिसतो. रॉकेलच्या फडक्यानं ग्रीस-चिखल पुसा अन् आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा. खरवडल्यासारखा, वरखाली ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा, गाडी कितीही स्वस्त असो. इंजिन नंबरही असाच ताडायचा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बोजा उतरल्याचा, फायनान्सवाल्याच्या सहीचा फॉर्म 35 पाहिजेच.

गाडी मध्यप्रदेशातली, म्हणून तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते. ती मालकालाच काढायला लावा. हाती येईस्तोवर पूर्ण पैसे देऊ नका. हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो, कारण पैसे मिळाल्यावर मालक फोन उचलेलच असं नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 अन् 30 वर त्याच्या सह्या आपल्यासमोर घ्या.

मग अमरावतीच्या आरटीओत अर्ज, गाडीची तपासणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, अन् एमएच-27 चा नंबर. गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं राहणार असेल तर नवा नंबर कायद्यानंच घ्यावा लागतो.

विमा नावावर करायचा अर्ज मात्र गाडी हस्तांतर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत टाका. पीयूसीही पाहून घ्या.