ऑइल बॉयलर पेटतो आणि परत विझतो? आधी या चुका टाळा

तेल जाळून पाणी तापवणारा आणि ते रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवणारा बॉयलर तुमच्याकडे असेल तर हे ओळखीचं असेल: रेडिएटर गार पडलेत म्हणून खाली जाऊन बघावं तर बर्नरच्या (तेल पेटवणाऱ्या भागाच्या) कंट्रोलवर लाल दिवा. मग आपण काय करतो, रीसेट दाबतो. मोटर घूंऽऽ करून सुरू होते, आत ज्योत दिसते, हुश्श करून जिना चढून वर यायचं आणि पांघरुणात शिरेपर्यंत परत बंद. परत खाली, परत रीसेट. हे मी स्वतः एका रात्रीत पाच-सहा वेळा केलंय, त्यामुळे कुणाला हसायचा मला हक्क नाही, पण ती रात्र निभावली ते निव्वळ नशीब हे आता कळतं.

रीसेट म्हणजे स्टार्टर नव्हे

बर्नर चालू झाला की पंप नोझलमधून तेलाचा फवारा मारणार, ज्योत लागो न लागो. ठरलेल्या वेळात (कंट्रोलप्रमाणे १५, ३० किंवा ४५ सेकंद) ज्योत दिसली नाही तर कंट्रोल सगळं बंद करून लॉकआउटमध्ये जातो. म्हणजे प्रत्येक फसलेल्या रीसेटमागे तेवढे सेकंद न जळालेलं तेल चेंबरमध्ये, म्हणजे ज्योत जळते त्या पोकळीत, पडलेलं असतं. चार-पाच वेळा दाबलं की आत डबकं होतं, चेंबरचं अस्तर ते पिऊन बसतं, आणि सहाव्या वेळी ठिणगी नीट पडली की साचलेलं सगळं एकदम पेट घेतं. धप्प आवाज, धुराचा पाइप निखळलेला, आणि पडद्यांपासून कपाटातल्या कपड्यांपर्यंत काजळी. म्हणून रीसेट एकदाच. नाही टिकला तर दुसऱ्यांदा दाबायचं नाही, आणि चेंबरमध्ये तेल दिसतंय किंवा आधी कुणीतरी बटण बडवून ठेवलंय असा संशय असेल तर एकदाही नाही, सरळ मेन स्विच बंद आणि मेकॅनिकला फोन. बऱ्याच नव्या कंट्रोलमध्ये तीन वेळा फसलं की बटण साधं दाबून सुटत नाही. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, कंट्रोल बिघडला म्हणून नाही.

"विझतो" एवढंच सांगू नका, कधी विझतो ते बघा

माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं आणि त्याला पाना-पक्कड काही लागत नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि कान पुरतात. तो जो एक रीसेट करणार आहात तो नुसता करू नका, बर्नरसमोर उभं राहून करा.

ज्योत लागलीच नाही आणि बंद झाला, तर तेल तरी नाहीये नाहीतर ठिणगी तरी.

ज्योत छान, स्थिर लागली आणि ठरावीक सेकंदाला, घड्याळ लावल्यासारखा, बंद झाला तर ज्योत मेलेली नाही, तिला कंट्रोलने मारलंय, कारण त्याला ती दिसतच नाहीये. ज्योत बघायचं काम कॅड सेल करतो, लहानशा डोळ्यासारखा असतो, उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. अंधारात लाखाच्या वर ओहम असतात आणि चांगल्या ज्योतीसमोर ३०० ते १००० च्या आसपास यायला हवेत; १६०० च्या वर राहिले की बहुतेक कंट्रोल म्हणतात ज्योत नाही. त्यावर काजळीचा थर बसला की झालं. मऊ फडक्याने पुसला की चालतो, पण दोन आठवड्यांत परत काळा झाला तर डोळ्याला दोष देऊ नका, आत धूर का होतोय ते शोधा. उलटंही होतं बरं का, कव्हर उघडं ठेवून टॉर्च सेलवर धरला तर बर्नर सुरूच होत नाही, कारण कंट्रोलला वाटतं आत आधीच काहीतरी जळतंय. आपण मात्र तो का सुरू होत नाही हे टॉर्च पाडून शोधत बसतो.

ज्योत फडफडते, थुंकल्यासारखी होते आणि कधी १० सेकंदांनी तर कधी दोन तासांनी जाते, तर पहिला संशय तेलाच्या लाइनवर. त्याबद्दल खाली सविस्तर, कारण मी सगळ्यात जास्त तिथेच फसलोय.

वीस-पंचवीस मिनिटं नीट चालून बंद होतो आणि थंड झाल्यावर परत चालतो, असं असेल तर तापल्यावर दगा देणारा पार्ट असू शकतो, इग्निशन ट्रान्सफॉर्मर (ठिणगीला व्होल्टेज देणारा), तेलाच्या व्हॉल्व्हची कॉइल, नाहीतर मोटर. मोटरला ओव्हरलोडचं स्वतःचं वेगळं बटण असू शकतं, ते उडालंय का बघा.

आणि लाल दिवा नसेलच तर आधी थर्मामीटरवर नजर टाका. पाणी ८० अंशांच्या वर गेलं म्हणून बॉयलर लिमिटवर, म्हणजे तापमानाची ठरवलेली मर्यादा गाठून, बंद झालेला असू शकतो आणि तसं व्हायलाच पाहिजे. बॉयलर कढत आणि रेडिएटर गार असतील तर बर्नर बिचारा निर्दोष आहे, पाणी फिरवणारा पंप बघा.

टाकीच्या काट्यावर विश्वास

काटा पाव टाकी दाखवतोय म्हणून तेल आहे असं धरू नका, काटा हलवणारे आतले तरंगते फ्लोट अडकतात. कोरडी काठी टाकीच्या तळापर्यंत घालून ओल किती वर येते ते बघा. त्याच काठीच्या टोकाला वॉटर पेस्ट लावली तर तळाशी पाणी आहे की नाही तेही कळतं, पेस्टचा रंग बदलतो. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसतं आणि लाइनमध्ये गेलं की ज्योत थुंकायला लागते, टाकी बाहेर असेल तर गोठून लाइन बंदच करतं. कडाक्याच्या थंडीत तेलातलं मेणही दाटून फिल्टरवर बसतं, दिवसा चालतो आणि पहाटे बंद पडतो असं असेल तर याचाच विचार आधी करा.

तेल भरल्याबरोबर बॉयलर चालू करणं ही आणखी एक चूक. टँकरच्या धारेने तळाचा गाळ सगळा ढवळला जातो, तो खाली बसायला निदान एक-दोन तास द्या. आणि टाकी पूर्ण कोरडी होऊन भरली असेल तर लाइनमध्ये हवा असणारच. दोन पाइपवाल्या सिस्टीममध्ये पंप हवा स्वतः परत टाकीकडे ढकलतो, एक पाइपवाल्यात डिझेल इंजिनची काढतात तशी पंपाच्या ब्लीड स्क्रूवरून हाताने काढावी लागते, पारदर्शक नळी बाटलीत सोडून, फेस थांबून सलग धार येईपर्यंत. हे काम तुम्हाला येत नसेल तर शिकण्याचा मुहूर्त मध्यरात्रीचा नको.

माझी फिल्टरची करामत

फिल्टर मी स्वतः बदलला. नवीन कार्ट्रिज घातलं, त्याच्या खालची वाटी घट्ट पिळली, बाहेर एक थेंब गळत नव्हता, स्वतःवर खूश. त्यानंतर बॉयलर दर दोन-तीन तासांनी लॉकआउट. मी नोझल बदललं, कॅड सेल पुसला, ट्रान्सफॉर्मरला शिव्या दिल्या. शेवटी मेकॅनिक आला आणि त्याने पंपाच्या आधी अर्धा फूट पारदर्शक नळी जोडली. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक, आणि काही वेळाने एक मोठा आला की ज्योत गचके खायची. कारण काय, तर मी वाटीचा जुना गॅस्केटच परत लावला होता आणि तो एका जागी मुडपला होता.

यातून मला जे समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. टाकी बर्नरपेक्षा खाली असेल तर पंप तेल ओढत असतो, त्यामुळे त्या लाइनला भोक पडलं तरी तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणजे "कुठेच गळत नाही" याला काही अर्थ नाही. पंप कुरकुरतो, बंद झाल्यावरही नोझल जरा ठिबकत राहतं, या खुणा बघा. जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह होतो, तो तेलाच्या लाइनवर नको, त्याचे तुकडे पंपात जातात. फिल्टर बदलला की गॅस्केट नवीनच.

नोझल टाचणीने साफ करणं

भोक केसाएवढं असतं आणि आतून अगदी मापाने घासलेलं असतं, टाचणी घातली की फवारा वाकडा झालाच समजा. नोझल साफ करत नाहीत, बदलतात. आणि बदलताना त्यावर कोरलेलं सगळं जुळलं पाहिजे, तासाला किती गॅलन, फवाऱ्याचा कोन, पॅटर्नचं अक्षर. ०.७५ च्या जागी ०.८५ घातलं तर जास्त ऊब मिळेल असं वाटतं, मिळते काजळी. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकांमधलं अंतर साधारण ३-४ मिलिमीटर असतं, पण नेमकं माप तुमच्या बर्नरच्या पुस्तिकेतलंच घ्या. ठिणगी येते का हे स्क्रूड्रायव्हर धरून बघणारे शूर लोक आहेत, तिथे १०,००० व्होल्ट किंवा जास्त असतात, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

बर्नरचा गळा दाबणं

थंडी येते म्हणून बॉयलरच्या खोलीची जाळी पुठ्ठ्याने बंद केली, दाराच्या फटीत कापड कोंबलं, शेजारी कपड्यांचा ड्रायर आणून ठेवला. झालं, बर्नरला हवा कुठून मिळणार. ड्रायरचा लिंट (कपड्यांची बारीक तुसं) तर फॅनच्या पात्यांत असा बसतो की पाती फिरतात पण हवा ढकलत नाहीत. पुढच्या वेळी ज्योत आचके द्यायला लागली की खोलीचं दार सताड उघडून बघा, सुधारली तर कारण सापडलं. तोवर एअर शटरचा (बर्नरची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्क्रू नजरेच्या अंदाजाने फिरवू नका, ते सेटिंग धुराची स्मोक टेस्ट आणि धुरातले वायू मोजणारा अॅनालायझर लावून करतात. कमी हवेत जळणारा बर्नर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, त्यामुळे अलार्म घरात हवाच, आणि डोकं जड होऊन मळमळायला लागलं तर निदान-बिदान सोडून सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा एवढं तयार ठेवा: किती सेकंदांनी बंद होतो, बंद होण्याआधी ज्योत फडफडते का, लाल दिवा लागतो का, शेवटचं तेल कधी भरलं, आणि रीसेट किती वेळा दाबलंय. शेवटच्या प्रश्नाला खोटं बोलू नका, चेंबर उघडला की त्याला दिसणारच आहे.