मरळीसाठी स्विमबेट निवडताना

स्विमबेट म्हणजे माशासारखं पोहणारं नकली आमिष. त्याचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या बास माशासाठी केलेले असतात. तिथली सात-आठ इंची जड आमिषं पाहून नागपुरात तसलीच मागवू नका. आपली गाठ मरळीशी. तिला तीन-चार इंची, चपट्या शेपटीचं मऊ रबरी स्विमबेट पुरतं.

रॉडवर तो किती ग्रॅमचं आमिष फेकू शकतो ते छापलेलं असतं. गळ, शिसं, रबर मिळून वजन त्याच मर्यादेत ठेवा. सात फुटी मीडियम-हेवी (मध्यमापेक्षा जरा ताठ) रॉड आणि ३० पौंड ताण पेलणारी ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, मला बरी वाटते. नायलॉनची लाइन ताणली जाते आणि गळ रुतवायला दिलेल्या झटक्याचा जोर वाटेतच जिरतो.

खरी कटकट काठाची. बेशरमाची झुडपं, जलपर्णी, गवत. उघडा गळ अडकणारच. म्हणून रुंद पोटाचा ऑफसेट (दोरी बांधायच्या टोकाजवळ वाकवलेला) गळ घ्या, टोक रबराच्या पाठीत जेमतेम लपवा. मरळ हवा घ्यायला वर येते. पाणी हललं की त्या जागेच्या थोडं पलीकडे फेकून आमिष तिच्या वाटेवरून आणा, शेपटी हलत राहील इतक्याच संथपणे. घाईनं रील फिरवणं ही आपली सार्वत्रिक खोड! लाइनवर वजन जाणवलं की जोरात झटका द्या. टोकाला रबर फाडून बाहेर यायचं असतं.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर खाली राखणीला आईबाप असतात, त्यांना सोडा. आणि बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. पेंचच्या राखीव जंगलातल्या पाण्याकडे तर फिरकूच नका.