जडावाची पेटी शिकताना: आधी पट्टी, मग फूल

जडावाच्या, म्हणजे लाकडात दुसऱ्या लाकडाचे किंवा पितळेचे तुकडे बसवून नक्षी केलेल्या, पेट्यांचं काम शिकायला येणारा बहुतेक जण आधी झाकणावरच्या नक्षीबद्दलच विचारतो. मोर जमेल का, वेलबुट्टी कशी कापायची? माझा आग्रह असा, की पहिल्या पेटीवर फूलपान नकोच. गडद लाकडात फिकट लाकडाची एक सरळ पट्टी बसवा, चार-पाच मिलिमीटर रुंद. पाकळीच्या वळणातली फट भुश्यात डिंक कालवून बुजवता येते. सरळ पट्टीची फट लांबूनही दिसते, म्हणून हात तिच्यावरच लवकर बसतो.

खाच कधीही पेन्सिलीच्या रेघेवर कोरू नका. आधी जडवायचा तुकडा तयार करा, तो झाकणावर दोन थेंब डिंकाने तात्पुरता चिकटवा आणि धारदार सुरीने त्याच्या कडेकडेने रेघ ओढा. मग तुकडा उचकटून पटाशीने आतलं लाकूड काढा. तुकडा दोन मिलिमीटर जाड असेल तर खाच दीड मिलिमीटरची पुरे. वर उरलेलं नंतर घासून सपाट करता येतं, खोल गेलेली खाच मात्र भरून काढणं जिकिरीचं. राउटर (खाच कोरायचं विजेवरचं यंत्र) असेल तर मधलं लाकूड पटकन निघतं, पण कडा हातानेच कराव्यात. निदान सुरुवातीला.

डिंक लावून तुकडा दाबून ठेवल्यावर सगळ्यांना घाई होते ती इथे. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, त्याने सांध्याजवळचं लाकूड फुगतं. ते फुगलेलं असतानाच घासून सपाट केलंत, तर वाळल्यावर तिथे बारीक खळगा पडतो आणि पॉलिशच्या चकाकीत तो नेमका दिसतो. एक दिवस तरी थांबा.

आता खरी अडचण. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. शंभर मिलिमीटर रुंदीच्या फळीत ऋतूंगणिक अर्धा ते एक मिलिमीटर फरक सहज पडू शकतो. जडवायला पितळ घेतलं, तर ते तसं हलत नाही. त्यामुळे लाकडाच्या रेषांना (त्यातल्या तंतूंच्या दिशेला) आडवी लांब पितळी पट्टी बसवली, तर आकसणारं लाकूड तिला टोकाकडून उचलतं. नवशिक्याने पितळ रेषांच्या दिशेनेच बसवावं किंवा लहान तुकड्यांत. हाच नियम झाकणाच्या फळीला: अखंड लाकडाची फळी चारही कडांनी चिकटवायची नाही, बाजूंच्या खाचेत मोकळी सोडायची. प्लायवर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चढवलं असेल तर चिकटवायला हरकत नाही. मात्र विनियर दोन्ही बाजूंना हवं, नाहीतर झाकण वाकतं.

पेटी आणि झाकण वेगवेगळं बनवून जुळवत बसू नका. सहाही बाजूंनी बंद पेटी आधी जोडा आणि मग वरचा भाग करवतीने कापून वेगळा करा. बाजूंच्या रेषा झाकणापासून तळापर्यंत सलग राहतात. करवतीच्या पात्याची जाडी मोजून उंची तेवढी जास्त धरा. पंचेचाळीस अंशांचे कोपरे नुसत्या डिंकावर कमजोर असतात. तिथे तिरक्या खाचा मारून पातळ पाचरा घाला. त्या वेगळ्या रंगाच्या लाकडाच्या असतील तर शोभाही येते.

शिसवीसारखं गडद लाकूड फिकट लाकडाशेजारी असेल, तर पॉलिश पेपरने घासू नका. गडद भुसा फिकट लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि मळकट दिसतो. खरवडायचा पोलादी पत्रा (स्क्रेपर) वापरा, नंतर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्या आणि मगच बारीक पेपर. शिसवीचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, तेव्हा मास्क घालाच.

आतून तेलाचं पॉलिश टाळा. बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो. लाख चांगली.