शरद ऋतूतील पक्षीनिरीक्षण: गटाने जाताना या चुका टाळा

शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या आरंभी पक्षीनिरीक्षण गटांच्या फेऱ्या वाढतात, कारण स्थलांतरित पक्षी या काळात वाटेवर असतात किंवा नुकतेच मुक्कामी पोहोचलेले असतात. तरीही याच फेऱ्यांवरून अनेक नवे सदस्य हिरमुसून परततात. पक्षी लांब होते, सगळे एकसारखेच दिसत होते, पुढे चालणाऱ्यांना दिसले आणि आम्ही पोहोचेपर्यंत उडून गेले, अशा त्यांच्या तक्रारी असतात. या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा घाई असते, असे माझे ठाम मत आहे. विणीच्या हंगामात पक्षी गातात, रंगाने उठून दिसतात आणि आपापल्या हद्दीत टिकून राहतात, त्यामुळे तेव्हा घाई खपून जाते. शरदात ती खपत नाही.

रंग पाहून नाव देणे

वीण आटोपली की नर बदकांची झळाळती पिसे गळतात आणि काही काळ ते मादीसारखेच तपकिरी दिसतात. पंखांची उड्डाणपिसेही एकाच वेळी गळत असल्याने मधले तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. नवा पिसारा हळूहळू भरतो. थापट्या या बदकाचा नर तर हिवाळा सुरू झाल्यावरही अर्धवट रंगलेला दिसू शकतो. म्हणून शरदाच्या सुरुवातीला ‘थव्यात सगळ्या माद्याच होत्या’ अशी नोंद कोणी केली, तर ती पुन्हा तपासायलाच हवी. थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच आणि तलवार बदकाची लांब, सडपातळ मान वर्षभर तशीच राहते. तलवार बदकाच्या नराची चोच बाजूंनी निळसर-करडी असते, मादीची एकसारखी गडद करडी असते, आणि पिसारा बदलला तरी हा फरक टिकतो. आधी आकार, मग चोच, मग वागणूक आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम या ऋतूत लावून घ्यावा.

दुसरी अडचण पिल्लांची. शरदातील थव्यांत त्याच वर्षी जन्मलेल्या पक्ष्यांचे प्रमाण मोठे असते, आणि चित्रांत आपण पाठ केलेला प्रौढ पक्षी त्यांच्यात शोधून सापडत नाही. तुतवारांसारख्या अनेक किनारी पक्ष्यांमध्ये प्रौढ आधी निघतात आणि पिल्ले मागून येतात. पिल्लांच्या पाठीवरची पिसे एकाच सुमारास उगवलेली असल्याने त्यांच्या फिकट कडा ताज्या आणि खवल्यांसारख्या रेखीव दिसतात. प्रौढांच्या पाठीवर मात्र जुनी झिजलेली आणि नवी पिसे यांची सरमिसळ असते. वय ओळखले की जात ओळखणे बरेच सोपे होते. भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या माद्या आणि पिल्ले तपकिरी असतात, त्यांच्या बाबतीतही उड्डाणाची ढब आणि पंखाच्या टोकाला बोटांसारखी पसरलेली पिसे किती आहेत, हे पाहणे रंगापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

पर्णवटवट्या या झाडीतल्या चिमुकल्या पक्ष्यांपुढे अनुभवी माणसेही थबकतात. त्यांच्यातले चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोघे पाहताक्षणी जुळे वाटतात. परंतु चिफचॅफचे पाय सहसा गडद असतात आणि तो शेपटी वारंवार खाली झटकतो, तर विलो वॉर्बलरचे पाय बहुधा फिकट असतात आणि त्याच्या पंखांची टोके अधिक लांब दिसतात. एवढे पाहण्याइतका वेळ पक्ष्याने दिला नाही, तर ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहावे. अशी नोंद प्रामाणिक असते, आणि गटातील ज्येष्ठांनी तिला कमीपणा देऊ नये, कारण त्या भीतीपोटीच नवखी माणसे चुकीची नावे सांगू लागतात.

न जुळवलेली दुर्बीण

‘दिसते, पण धूसर’ असे कोणी म्हणाले, तर दोष अनेकदा जुळवणीचा असतो. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दृश्य स्पष्ट करावे, नंतर डावा डोळा झाकून उजव्या भिंगाजवळचे कडे फिरवावे. हे एकदा नीट केले की पुढे फक्त मधले चाक वापरायचे. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दाबाव्यात, नाहीतर दृश्याचा मधला गोलच तेवढा दिसतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: ८×४२ (आठपट वर्धन, ४२ मिलिमीटर व्यास) दुर्बिणीत तो ५.२५ मिलिमीटर असतो, १०×२५ मध्ये केवळ २.५. पहाटेच्या मंद उजेडात हा फरक फार जाणवतो. थंडीत भिंग गार झालेले असते, त्यामुळे आपल्या श्वासाची वाफ त्यावर लगेच धरते. म्हणून भिंग फुंकर मारून पुसू नये.

रांगेने चालणे आणि लवकर परतणे

पंधरा माणसे अरुंद वाटेवर रांगेने चालली, तर पुढच्या तिघांनाच पक्षी दिसतात आणि उरलेल्यांना उडालेल्या थव्याची पाठ. यावर उपाय साधा आहे: कमी चालावे, जास्त थांबावे आणि थांबल्यावर अर्धवर्तुळात पसरावे. या दिवसांत झाडीतले छोटे पक्षी बऱ्याचदा मिश्र थव्याने फिरतात. अर्धा तास काहीच दिसत नाही आणि मग पाच मिनिटांत दहा जाती समोरून जातात. त्या क्षणी सगळे एकदम नावे पुकारू लागले, तर कोणालाच काही नीट पाहता येत नाही. एकाने मोजणी करावी, बाकीच्यांनी एकेक पक्षी धरून पाहावा. जागा सांगताना ‘तिकडे, तिकडे’ म्हणत हात उंचावू नये. ‘वाळक्या झाडाची उजवी फांदी, टोकापासून हातभर आत’ असे हळू आवाजात सांगावे.

वेळेचे गणितही चुकते. पहाटे निघून ऊन वर येण्याआधी परतणारे गट शिकारी पक्ष्यांना मुकतात, कारण जमीन तापून हवेचे ऊर्ध्वप्रवाह तयार झाल्यावरच ते घिरट्या घालत वर चढतात. समुद्रकिनारी घड्याळापेक्षा भरतीचे वेळापत्रक पाहावे. पूर्ण भरतीच्या सुमारे दोन तास आधी पोहोचले, तर वाढते पाणी पक्ष्यांना आपल्या दिशेने सरकवते. ओहोटीला गेले, तर ते चिखलावर दूरवर ठिपके होऊन राहतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा आधीच हेरून ठेवावी.

जवळ जाण्याचा मोह

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट या किनारी पक्ष्याच्या, त्याच वर्षी जन्मलेल्या एका पिल्लाने अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर अकरा दिवसांत न थांबता कापले. अशा प्रवासापूर्वी हे पक्षी चरबी साठवतात आणि वजन कमी करण्यासाठी त्यांची पचनेंद्रियेही आक्रसतात. उतरल्यावर त्यांना खाणे आणि विसावणे याखेरीज काही परवडत नाही, आणि छायाचित्रासाठी आपण त्यांना एकदा उडवले, तरी त्याची किंमत ते साठवलेल्या शक्तीतून मोजतात. माना उंचावल्या, खाणे थांबले, थवा आकसला किंवा पोहत दूर सरकू लागला, की आपण आधीच फार जवळ आलेलो असतो. तेव्हा तिथूनच मागे फिरावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणे वर्ज्य समजावे आणि घुबडाच्या विश्रांतीची जागा जाहीर करू नये.

नोंदींतील घाई

अमेरिकेत २५ डिसेंबर १९०० रोजी पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली नाताळातील पक्षीगणना आजही चालू आहे, आणि तिच्या आकड्यांची वर्षानुवर्षे तुलना करता येते, कारण पक्ष्यांसोबत निरीक्षक किती आणि वेळ किती याचीही नोंद होते. आपल्या यादीतही सुरू-समाप्तीची वेळ, चाललेले अंतर आणि माणसांची संख्या असावी. फक्त दुर्मीळ पक्षी लिहून नेहमीचे वगळू नयेत. पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून नाव सुचवले, तर त्या दिशेला पाहावे आणि खात्री झाली तरच लिहावे. संपूर्ण गटाची यादी एकाने तिथेच, परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी वाचून दाखवावी आणि एखाद्या नावाबद्दल कोणाला शंका असेल, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून छायाचित्र मिळेपर्यंत ते तसेच राहू द्यावे.