‘हायली नोन’ की ‘वेल नोन’?

इंग्रजीत कोणाची ख्याती किंवा नाव सांगताना कर्मणी क्रियापदाला हवे ते क्रियाविशेषण लावून चालत नाही. जोड्या ठरलेल्या असतात. ‘हायली नोन’ कानाला खटकते. तिथे ‘वेल नोन’ किंवा ‘वाइडली नोन’ म्हणावे. ‘हायली’ शोभते ते ‘रिगार्डेड’ला, आणि इथला बारकावा नीट समजून घ्यावा असा आहे. ‘शी इज हायली रिगार्डेड’ म्हणजे तिला मोठा मान आहे. वाक्य पूर्ण झाले. ‘शी इज वाइडली रिगार्डेड’ म्हणून मात्र थांबता येत नाही. लोक तिला काय मानतात तेही सांगावे लागते: ‘ॲज अ लीडिंग सर्जन’. ‘हायली’मधून आदर किती ते कळते, ‘वाइडली’मधून तसे मानणारे किती ते.

नावाच्या बाबतीत गोष्ट सोपी आहे. रोजच्या बोलण्यातल्या नावाला ‘कॉमनली’, कागदोपत्री नावाला ‘ऑफिशियली’, जुन्या नावाला ‘फॉर्मरली’. उदाहरणार्थ, ‘सोडियम क्लोराइड इज कॉमनली नोन ॲज टेबल सॉल्ट’ किंवा ‘म्यानमार वॉज फॉर्मरली नोन ॲज बर्मा’.

‘नोन’नंतर ‘ॲज’ येते, ‘कॉल्ड’ आणि ‘नेम्ड’नंतर नाही. ‘कॉमनली कॉल्ड ॲज’ ही चूक सुशिक्षितांच्या लेखनातही सर्रास आढळते, कारण ‘म्हणून ओळखतात’मधला ‘म्हणून’ मनात घोळत असतो.

क्रियाविशेषणाची जागा ‘इज’ आणि क्रियापदाच्या मधली. ‘हॅज बीन’ असेल तर ‘बीन’नंतरची: ‘हॅज बीन वाइडली रिगार्डेड ॲज’.