एसओपीत पद नको, काम दाखवा

परदेशात एमएससाठी अर्ज करताय? एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा निबंध) ‘माझ्याकडे उत्तम नेतृत्वगुण आहेत’ असं वाक्य असेल तर आधी ते खोडा. निवड समितीला असली वाक्यं पाठ झालेली असतात.

त्याऐवजी एकच प्रसंग घ्या आणि नीट उलगडा. कोल्हापूरकरांना तो शोधायला लांब जावं लागत नाही. समजा, जुलै २०२१ च्या महापुरात तुम्ही तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या तरुण मंडळाच्या, पोरांबरोबर मदतीला होता. ‘पूरग्रस्तांना मदत केली’ एवढ्यानं काहीच कळत नाही. चिखली-आंबेवाडीकडच्या कुटुंबांची यादी कुणी केली, एकाच घरी दोनदा किट जातंय हे कुणाच्या लक्षात आलं, मग गल्लीवार वही कुणी घातली, त्यावरून मंडळात वाजलं तेव्हा तोडगा कसा निघाला, ते लिहा. वाजलं ते लपवू नका. टीमवर्क तिथंच दिसतं.

‘मी’ आणि ‘आम्ही’चा हिशेब चोख ठेवा. वही तुमची, वाटप सगळ्यांचं, असं स्पष्ट येऊ दे. अध्यक्ष-सेक्रेटरी नसलात तरी बिघडत नाही. (आपल्याकडं पदं डिजिटल फलकावरच जास्त असतात.) तालीम म्हणजे काय, हे मात्र अर्ध्या वाक्यात सांगा.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना हाच प्रसंग देऊ नका. त्यांनी स्वतः पाहिलेला द्या: फायनल इयर प्रोजेक्टमध्ये एकजण मागे पडला तेव्हा तुम्ही कामाची वाटणी कशी बदललीत, वगैरे. पत्र मागतानाच अशा चार ओळी मेल करा.