गावचा साहित्य महोत्सव : कार्यकर्त्यांची दमछाक करणाऱ्या या चुका टाळा

आमच्या महोत्सवाच्या तिसऱ्या वर्षी एक ज्येष्ठ कवी बस स्थानकाच्या बाकड्यावर सव्वा तास बसून होते. त्यांना आणायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मला वाटलं तो गेला असेल, त्याला वाटलं मी गेले असेन. मी धावत पोचले तेव्हा पिशवी मांडीवर घेऊन ते शांतपणे वाचत होते. रागावले नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या वर्षी पैसे पुरेसे होते आणि माणसंही होती. नव्हता तो त्या एका कामाचा एकच धनी.

छोट्या बाजारपेठेच्या गावात पदरमोड करून, नोकरी-दुकान सांभाळून जे महोत्सव उभे राहतात, त्यांचं खरं भांडवल म्हणजे लोकांनी आपणहून दिलेला फावला वेळ. पुढे लिहिलेली प्रत्येक चूक शेवटी कुठल्या ना कुठल्या कार्यकर्त्याच्या माथ्यावर येते. थकलेला कार्यकर्ता भांडत नाही, पुढच्या वर्षी येत नाही, एवढंच.

मोठ्या महोत्सवाची नक्कल

सुरुवातीलाच होणारी ही चूक. वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय हे दोन हजारही वस्ती नसलेलं बाजारगाव. तिथला महोत्सव 1988 साली सुरू झाला आणि आज जगभर त्याचं नाव आहे. ते पाहून आपणही दहा दिवस, चार मंडप, पन्नास पाहुणे असं ठरवतो. पण त्या गावात 1960च्या दशकापासूनच जुन्या पुस्तकांची दुकानं रुजत गेली होती. पुस्तकांसाठी वाट वाकडी करून येणारा वाचक महोत्सवाच्या आधीपासून गावात होता. स्कॉटलंडमधल्या विगटाउनचंही तसंच. उद्योग बंद पडून ओस पडत चाललेल्या त्या गावाला 1998 साली 'पुस्तकांचं गाव' म्हणून मान्यता मिळाली, दुकानं आली आणि मग महोत्सव बहरला. महाराष्ट्रात भिलारला 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव उभं राहिलं, तेही घराघरांत पुस्तकं ठेवूनच. आधी वाचणारं गाव, मग महोत्सव, हा क्रम उलटवला की मंडप रिकामा राहतो.

पहिल्या वर्षी दीड दिवस आणि पाच-सहा सत्रं पुरेशी आहेत. एका वेळी एकच सत्र ठेवा. दोन समांतर सत्रं म्हणजे दोन माइक, दोन सूत्रसंचालक, दारावर दुप्पट माणसं, आणि श्रोते मात्र निम्मे निम्मे.

तारीख ठरवताना शाळांच्या परीक्षा, शेतीचा हंगाम आणि बाजाराचा दिवस या तीन गोष्टी बघा. बाजाराच्या दिवशी गर्दी आयती मिळेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दुकानदारांना त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते, गाड्या लावायला जागा नसते आणि बाहेरच्या गोंगाटात कविता ऐकू येत नाही. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सुरुवात करून बाजारात फक्त पुस्तकविक्रीचा टेबल आणि मुलांसाठी गोष्टी ठेवल्या, तर दोन्ही साधतं.

सगळं एकाच्या डोक्यात

प्रत्येक गावात एक माणूस असतो, ज्याच्या मोबाइलमध्ये सगळ्या लेखकांचे नंबर असतात, ज्याला हॉलची किल्ली कुठे आहे ते ठाऊक असतं आणि ज्याचा शब्द मंडपवाला मानतो. तो आजारी पडला की महोत्सव आजारी पडतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. एक वही करा, कागदाची. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि त्याच्या बदलीचं एक नाव. एकच धनी आणि एकच बदली. 'आपण सगळे मिळून बघू' असं जिथे लिहिलंय, ते काम होणार नाही असं धरून चाला.

ग्रुपवर निरोप टाकला म्हणजे काम सांगितलं, असंही नाही. शंभर शुभेच्छांच्या गर्दीत 'उद्या साडेसातला खुर्च्या उतरवून घ्यायच्या आहेत' हे वाक्य वाहून जातं. ज्याचं काम त्याला फोन करा आणि त्याच्या तोंडून 'हो, मी करतो' हे ऐका.

आणखी एक गोष्ट फार मनापासून सांगते. दारावर उभी राहणारी मुलं, खुर्च्या लावणारे, गाड्या बघणारे, यांना बहुतेक वेळा एकही सत्र ऐकायला मिळत नाही. ज्यांना पुस्तकं आवडतात म्हणून ते आले, तीच माणसं दोन दिवस दाराबाहेर राहतात. पाळ्या लावताना आधी विचारा : तुला कुठलं सत्र ऐकायचंय? ते सत्र त्याच्या नावावर मोकळं ठेवा आणि मग उरलेल्या वेळेत काम द्या. पाळी तीन-चार तासांहून लांब नको, आणि बसून पाणी पिता येईल अशी एक जागा फक्त कार्यकर्त्यांसाठी असू द्या. हा बदल केला त्या वर्षानंतर आमचे कार्यकर्ते टिकायला लागले.

आवाज

लेखक कितीही मोठा असो, मागच्या रांगेला ऐकू आलं नाही तर सत्र झालंच नाही असं समजा. आवाजाच्या चुका सगळ्यात जास्त होतात आणि सगळ्यात सहज टाळता येतात, म्हणून इथे जरा थांबते.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने पडतो. मग मागच्यांसाठी आवाज वाढवला जातो आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे कान किटतात. त्याऐवजी मधल्या अंतरावर छोटे स्पीकर लावायला सांगा. पण तिथेही एक मेख आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पुढचा स्पीकर आणि मागचा स्पीकर यांत 35 मीटर अंतर असेल, तर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दशांश सेकंदाच्या फरकाने दोनदा येतो, आणि बोलणं नुसतं घुमल्यासारखं वाटतं. मागच्या स्पीकरला 'डिले' लावा, म्हणजे त्याचा आवाज तेवढाच उशिरा सुटेल, हे साउंडवाल्याला आदल्या दिवशीच सांगा. लग्न-मिरवणुकीची सवय असलेल्याला संगीताचा दणका जमतो. बोलणं स्पष्ट ऐकवणं हे वेगळं काम आहे, त्याला ते वेगळं समजावून द्यावं लागतं.

रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली की आवाज घुमतो. भरल्यावर माणसांचे कपडे आणि शरीरं तो शोषून घेतात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी मागच्या भिंतीला टेकून ऐकलं पाहिजे आणि साउंडवाल्याला हाताने खूण केली पाहिजे. हे एका माणसाचं काम म्हणून वहीत लिहा.

माइकमधून शिट्टी वाजायला लागली, तर आवाज कमी करण्याआधी बघा की बोलणारा स्पीकरच्या समोर तर उभा नाही ना, किंवा त्याने माइकची जाळी मुठीत तर धरली नाही ना. बहुतेक वेळा या दोहोंपैकीच एक असतं. माइक ओठांपासून चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली. बिनतारी माइकला प्रत्येक अर्ध्या दिवसाला नवे सेल घाला, अर्धवट वापरलेल्यांवर भरवसा ठेवू नका. साउंडची विजेची लाइन पंखे आणि मोठ्या दिव्यांपासून वेगळी घ्या, म्हणजे एखादा फ्यूज उडाला तरी बोलणं चालू राहतं.

प्रश्नोत्तरांसाठी एक युक्ती : श्रोत्याच्या हातात माइक देऊ नका, कार्यकर्त्याने तो धरून ठेवायचा. माइक हातात आला की प्रश्नाचं भाषण होतं. कार्यकर्त्याच्या हातात असला की प्रश्न आपोआप आखूड होतो, आणि ज्याला माइकची भीती वाटते त्या आजींच्याही तोंडासमोर तो नीट येतो.

मंचाच्या उंचीचा विचार याच वेळी करा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा लागतो. म्हणजे तीन फुटी मंचाला छत्तीस फुटांचा उतार, आणि तेवढी जागा कुणाकडेच नसते. मग कुणीतरी वयस्कर लेखकाला चौघे मिळून उचलून वर नेतात. कुणालाही असं वर नेऊ नये. मंच एक फुटाचा करा, खुर्च्यांची रचना अर्धगोलाकार करा, मंच दिसतो.

उद्घाटनात गेलेला वेळ

उद्घाटन पंधरा मिनिटांत आटपा. स्वागत, प्रास्ताविक, मनोगत, शुभेच्छा, आभार या साखळीत पहिला दीड तास जातो आणि पहिल्या सत्राच्या लेखकाला 'जरा आवरतं घ्या' अशी चिठ्ठी जाते. तो दुसऱ्या गावाहून आलाय, त्याच्यासाठी लोक आलेत. ज्यांचा मान राखायचा त्यांची नावं पत्रिकेत मोठ्या अक्षरांत छापा, पुढची रांग त्यांच्यासाठी ठेवा, आणि बोलायला कुणा एकालाच द्या. हे आधी, घरी जाऊन, समोरासमोर सांगितलं तर लोक समजून घेतात. मंचावर आयत्या वेळी कापलं तर वर्षभर बोलत नाहीत.

सत्राचा तास असा बसतो : चाळीस मिनिटं बोलणं, पंधरा मिनिटं प्रश्न, पाच मिनिटं हात राखून. दोन सत्रांत अर्ध्या तासाचं अंतर हवंच.

मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असावं, ही अट लिहायची वेळ यावी याचं दुःख आहे. गावातल्या प्रतिष्ठित माणसाला मुलाखतकार करण्यापेक्षा ज्याने ते पुस्तक दोनदा वाचलंय अशा ग्रंथपालाला, शिक्षिकेला, कॉलेजातल्या मुलीला बसवा. त्या लेखकाशी आठवडाभर आधी एकदा फोनवर बोलणं करून द्या.

पुस्तकं आणि सह्या

लेखक आले, पुस्तकं नाहीत. हे मी तीन वेगवेगळ्या गावांत पाहिलंय. प्रकाशकाला दीड-दोन महिने आधी कळवा, न खपलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर मागवा आणि ती बोली लेखी घ्या. विक्रीचा टेबल हॉलच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर हवा. आत येताना लोक जागा पकडायला धावतात, बाहेर पडताना मन भरलेलं असतं.

सहीला माणशी साधारण एक मिनिट धरा. चाळीस जण म्हणजे चाळीस मिनिटं, आणि ती रांग हॉलमध्ये लागली तर पुढचं सत्र अडतं. सहीचा टेबल वेगळ्या खोलीत किंवा व्हरांड्यात. रांगेत एक मुलगी चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन फिरते, प्रत्येकाचं नाव सुवाच्य लिहून चिठ्ठी पुस्तकाच्या पहिल्या पानात खोचते. लेखकाला 'नाव कसं लिहू?' असं विचारावं लागत नाही, शुद्धलेखन चुकत नाही, आणि उरलेल्या वेळात तो वाचकाकडे मान वर करून बघतो. आमच्याकडे हे काम सातवीतली एक मुलगी करते आणि तिचं अक्षर फार सुंदर आहे.

मानधन

'आपला छोटा कार्यक्रम, लेखक समजून घेतील' असं म्हणून काहीच न बोलणं चुकीचं आहे. ऑक्सफर्डच्या साहित्य महोत्सवात लेखकांना मानधन मिळत नाही म्हणून जानेवारी 2016 मध्ये इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी त्या महोत्सवाचं आश्रयदातेपद सोडलं होतं. सभागृहवाल्याला, मंडपवाल्याला, छपाईवाल्याला आपण पैसे देतो, मग ज्याच्यामुळे सगळं जमलं त्याला का नाही? रक्कम छोटी असली तरी पहिल्याच पत्रात लिहा. सगळ्यांना सारखी द्या, कारण लेखक एकमेकांशी बोलतात. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात पडू द्या.

पैशाचा अंदाज करताना हॉल साठ टक्केच भरेल असं धरा. देणगीदाराचा तोंडी शब्द जमेत धरू नका, रक्कम खात्यात आली की मगच पत्रिकेत नाव.

महोत्सव कुणाचा?

मराठी लेखकांचं पहिलं ग्रंथकार संमेलन मे 1878 मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. पुढे 1885च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं, आणि ज्यांच्या ग्रंथांत शूद्र-अतिशूद्रांच्या दुःखाचा मेळ नाही त्यांच्यात आपण यावं कशाला, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. एवढी वर्षं उलटली तरी दर वर्षी पत्रिका ठरवताना मी तो प्रश्न स्वतःला विचारते. मंचावर कोण बसणार याच्या यादीत गावातल्या किती वस्त्यांची माणसं आहेत? बाजारात भाजी विकणाऱ्या बाईने पत्रिका हातात घेतली, तर तिला एक तरी ओळखीचा विषय, एक तरी आपल्यासारखं नाव दिसेल का?

नुसती पोस्टरं लावून ती येणार नाही. ज्या लेखकाला शेतावर, मजुरीवर, स्थलांतरावर लिहायचं असतं त्याला एक सकाळ वस्तीत न्या, मंडपाबाहेर. लेखक शाळेत गेला की संध्याकाळी मुलं आईबापांना हाताला धरून आणतात, हे मी दर वर्षी बघते.

आयत्या वेळी बिनसलं तर

लेखक आलाच नाही : श्रोत्यांना खरं सांगा, आणि त्याच्याच पुस्तकातली पानं दोघांनी मोठ्याने वाचावीत. ती पानं आदल्या दिवशी खुणा करून ठेवलेली हवीत.

दोनशे खुर्च्या आणि पंचवीस माणसं : मागच्या रांगा दोरीने बंद करा, लेखकाला मंचावरून खाली आणा, खुर्च्यांचं वर्तुळ करा. मुळात खुर्च्या कमी मांडून लागतील तशा वाढवणं चांगलं.

वीज गेली, पाऊस आला : कार्यक्रम आत हलवायचा की नाही हे कोण ठरवणार, आणि किती वाजेपर्यंत, ते आधीच लिहून ठेवा. पाच जण आभाळाकडे बघत चर्चा करतात तोवर पुस्तकं भिजतात. विक्रीच्या टेबलाखाली जाड प्लास्टिकची घडी कायम असू द्या.

महोत्सव संपल्यावर सगळे निघून जातात आणि उरलेल्या चौघांच्या अंगावर खुर्च्या, बॅनर आणि हिशेब पडतात. आवरायची पाळी वेगळ्या, ताज्या माणसांना द्या. आठ दिवसांत जमाखर्च कागदावर काढून वाचनालयाच्या फळ्यावर लावा. आणि त्याच आठवड्यात, आठवणी ताज्या असतानाच, सगळ्यांनी एकत्र बसून वहीच्या शेवटच्या पानावर काय चुकलं ते लिहा. आमच्या वहीत त्या पानाची पहिली ओळ अजून तीच आहे : 'बस स्थानक, सव्वा तास.' त्यापुढे आता एक नाव आहे आणि एक बदलीचं.